सासूबाईंच्या अंगठ्याची जखम आणि दगडी पाला

वाचकाचे पत्र : आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. घरी द्राक्षबाग आणि थोडी हळद आहे. माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या असून त्यांना १५ वर्षांपासून मधुमेह आहे. ६ आठवड्यांपूर्वी चपलेतला खिळा वर येऊन त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली. दुखत नाही म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही. सुरुवातीला घरची हळद तुपात कालवून लावली, मग शेजारच्या आजींच्या सांगण्यावरून दगडी पाल्याचा रस लावला. आता पुण्याच्या दिरांनी ‘३२ वनस्पतींचा अर्क’ असलेले तेल ऑनलाइन मागवून पाठवले आहे. बाटलीवरची नावे सोबत उतरवून पाठवते; परवान्याचा क्रमांक तिच्यावर दिसला नाही. जखम रुपयाच्या नाण्याएवढी आहे आणि तिच्या कडा पांढऱ्या, जाड झाल्या आहेत. यांतले नेमके काय लावावे आणि घरच्या घरी चांगला अर्क कसा काढावा, हे सांगाल का? शिवाय माझ्या १२ वर्षांच्या मुलीच्या मनगटावर गेल्या महिन्यात तेल उडून भाजले होते. त्याचा काळा डाग कोरफडीने जाईल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे नंतर सांगते, कारण या बाबतीत एकेक दिवस मोलाचा आहे. सासूबाईंच्या जखमेवर हळद, पाल्याचा रस किंवा ते तेल, यांपैकी काहीही आजपासून लावू नये आणि येत्या दोन दिवसांत त्यांचा पाय शल्यचिकित्सकांना दाखवावा. आपल्या गावापासून मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. तेथे किंवा मधुमेही पायाचे उपचार करणाऱ्या कोणत्याही जाणत्या शल्यचिकित्सकाकडे जावे. जखमेभोवतीची लाली पसरत असेल, दुर्गंधी किंवा पू येत असेल, कातडी काळी पडत असेल, ताप आला असेल अथवा साखर एकाएकी वाढली असेल, तर दोन दिवसही न थांबता त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात न्यावे.

आपले पत्र वाचताना मी ‘दुखत नाही’ या दोन शब्दांपाशी थांबले. अंगठ्याखाली खिळा रुतून झालेली जखम ६ आठवडे उघडी आहे आणि तरीही ती दुखत नाही, याचा अर्थ ती बरी होत आहे असा नसून पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत असा बहुधा असतो. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायांतील संवेदना हळूहळू कमी होत जाते. आपल्याला जखम झाली तर दुखण्यामुळे आपण नकळत लंगडतो, त्या जागेवर भार देत नाही, आणि शरीराला ती जागा भरून काढायला उसंत मिळते. सासूबाईंचा पाय त्यांना हा इशारा देत नाही. त्या नेहमीसारख्या चालतात, अंगठ्याखालची जागा प्रत्येक पावलाला दाबली जाते, आणि रात्रभरात तयार झालेला नाजूक पेशींचा थर सकाळी चिरडला जातो. जखमेच्या पांढऱ्या, जाड कडा म्हणजे याच दाबाने पडलेला घट्टा आहे. तो घट्टा स्वतःच खालच्या मांसाला दाबत राहतो आणि कित्येकदा त्याच्या आड पू साठलेला असतो, जो वरून दिसत नाही. कोणत्याही वनस्पतीचा रस पायावरचा भार उचलू शकत नाही. आपण इतक्या काळजीने केलेल्या उपायांना यश का आले नाही, याचे पहिले कारण हे आहे.

हे मी केवळ पुस्तकांच्या आधारे लिहीत नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकत असताना एका उन्हाळी सुट्टीत मी आजोळी गेले होते, तेव्हा माझ्या थोरल्या मामांच्या तळपायाला अशीच जखम होती आणि त्यांनाही मधुमेह होता. वनौषधींविषयीचे नवे ज्ञान माझ्या डोक्यात ताजे होते. मी स्वतः बांधावरून दगडी पाला खुडून आणला, स्वच्छ धुऊन वाटला आणि तीन आठवडे रोज त्यांच्या जखमेवर बांधला. जखमेचे तोंड लहान झाले तेव्हा घरात सर्वांना आनंद झाला. आत मात्र हाडापर्यंत पू पोचलेला होता. मामांच्या पायाची दोन बोटे काढावी लागली. पाला विषारी नव्हता आणि माझ्या मायेतही खोट नव्हती. जखमेचे वरचे तोंड मिटले म्हणजे ती भरली, ही माझी समजूत चुकीची होती. पुढे अनेक वर्षे वनस्पतींची द्रव्ये शिकवताना प्रत्येक वर्गाला मी ही हकिकत सांगत आले आहे.

आता दगडी पाल्याविषयी. काही भागांत एकदांडी किंवा कंबरमोडी या नावांनीही ओळखली जाणारी ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली आहे, परंतु आपल्याकडे ती इतकी रुळली आहे की शेतात विळा लागला की हात आपोआप तिच्याकडे जातो. ताज्या, लहान कापलेल्या जागी तिचा रस पिळला की रक्त थांबते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि मी तो खोटा मानत नाही. तिच्या अर्काचे उंदरांवर बरेच प्रयोग झाले असून त्यांत जखमा भरण्यावर अनुकूल परिणाम दिसला आहे. मात्र उंदराची कातडी सैल असते आणि त्याची जखम मुख्यतः कडा आकसून मिटते, तर माणसाची खोल जखम तळापासून नवे मांस भरत वर येते आणि मग तिच्यावर कातडी धरते. निरोगी, तरण्या उंदराच्या पाठीवरील कापलेली जागा आणि १५ वर्षांच्या मधुमेहानंतर तळपायाला पडलेले क्षत, यांना एकाच मापाने मोजता येत नाही. त्यातून आपल्या भागात द्राक्षबागांवर किती फवारण्या होतात हे आपणच अधिक जाणता. बांधावरच्या पाल्यावर त्यांतले काय काय उडालेले असते, तणनाशक कधी मारले होते, कुत्र्या-गुरांचा वावर किती आहे, हे धुऊन जाईलच असे सांगता येत नाही.

हळदीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण आपण सांगलीच्या हळदीच्या मुलखातल्या आहात आणि ‘आमची हळद घरची आहे, तीत भेसळ नाही’ असे सासूबाई म्हणत असतील, तर ते बरोबरच आहे. बाजारातील काही भुकटीत रंग उठून दिसावा म्हणून शिसेयुक्त लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार बांगलादेशात आणि भारतातही उघडकीस आले आहेत. त्या मानाने घरची हळद निश्चित चांगली. परंतु शुद्ध असणे आणि निर्जंतुक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हळकुंडे शिजवल्यानंतर ती कित्येक दिवस खळ्यावर उन्हात पसरलेली असतात, मग पॉलिश होतात, पोत्यांत भरली जातात आणि पुढे दळली जातात. मातीत राहणाऱ्या काही जंतूंचे बीजाणू इतके चिवट असतात की साध्या उकळीलाही ते दाद देत नाहीत, आणि धनुर्वाताचे जंतू त्यांपैकीच आहेत. आमटीत घातलेल्या हळदीबाबत याचा विचार करण्याचे कारण नाही. खिळ्याने झालेल्या खोल जखमेत तीच भुकटी भरताना तो करावा लागतो. सासूबाईंना धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली होती, हे आपण लिहिलेले नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर ही गोष्ट विसरू नये.

हळदीच्या पेटंटची लढाई आपण जिंकली, हा दाखला या विषयात हमखास दिला जातो. तो अभिमानास्पद आहेच. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर होते. जुन्या ग्रंथांचे आणि छापील लेखांचे पुरावे सादर झाले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पण त्या निकालाने काय सिद्ध झाले, हे नीट पाहावे. हळदीचा हा उपयोग नवा नाही, तो भारतात आधीपासून माहीत होता, एवढे सिद्ध झाले. हळद कोणत्या जखमेवर, किती प्रमाणात आणि कोणत्या रूपात गुणकारी ठरते, हा प्रश्न तेथे विचारलाच गेला नव्हता. हळदीतील कुरकुमिन हे द्रव्य दाह कमी करते आणि काही जंतूंची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत दिसते. मात्र वाळलेल्या हळदीत ते साधारण २ ते ५ टक्केच असते आणि पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. आपल्या आज्यापणज्या हळद तुपात किंवा तेलात कालवत असत, त्यामागे हे निरीक्षण असावे, असे मला मनापासून वाटते.

कोरडी हळद जखमेत ‘भरण्याची’ जी पद्धत आहे, तिच्याबद्दल माझा आणखी एक आक्षेप आहे. जखम कोरडी पडून खपली धरली की ती बरी होते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर केलेल्या प्रयोगांत असे दाखवून दिले की ओलसर राखलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा कितीतरी लवकर सरकते. आजची बरीचशी ड्रेसिंगे याच तत्त्वावर आधारलेली आहेत. भुकटी जखमेतील ओल शोषून घेते, तिचे खडे तळाशी चिकटून बसतात, आणि डॉक्टरांनी जखम उघडून पाहिली तर पिवळा थर हळदीचा आहे की पूचा, हे चटकन कळत नाही.

आयुर्वेदावर आपल्या घराची श्रद्धा आहे, हे पत्रावरून दिसते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या, म्हणजे जखमेच्या, चिकित्सेचे ६० उपक्रम सांगितले आहेत. त्यांत औषधी लेप, तेल आणि तूप आहे, तसेच छेदन आहे, भेदन आहे, पू काढणे आहे, बंधन आहे. दूषित व्रणाचे आधी शोधन, म्हणजे सफाई, करावी आणि तो शुद्ध झाल्यावरच रोपण, म्हणजे भरून आणणारी द्रव्ये, वापरावीत, हा त्यातील क्रम आहे. मधुमेही माणसाचे व्रण कष्टाने बरे होतात, असे सुश्रुतांनी स्वतः नोंदवले आहे. म्हणजे घट्ट्याखाली काय आहे हे न पाहता वरून पाला बांधणे आयुर्वेदालाही मान्य नाही. आपल्याला वैद्यांचाच सल्ला घ्यायचा असेल, तर शल्यतंत्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्यांकडे जावे. तेही आधी पाय तपासतील, साखर पाहतील आणि गरज वाटल्यास आधुनिक रुग्णालयात पाठवतील. जात्यादि तेलासारखे कल्प त्यांच्या देखरेखीखालीच वापरायचे असतात. त्यात मोरचूदही (कॉपर सल्फेट) असते, हे ते दुकानातून सहज विकत घेणाऱ्या अनेकांना माहीत नसते.

दिरांनी पाठवलेल्या बाटलीवरील नावे आपण उतरवून पाठवलीत, त्याबद्दल आपले आभार मानते, कारण त्या यादीत मंजिष्ठा, यष्टिमधु, करंज आणि कडुलिंबाच्या खाली ‘भल्लातक’ हे नाव आहे. भल्लातक म्हणजे आपला बिब्बा. ज्याने कपड्यांवर धोबी खुणा करीत असत आणि जो उतला की अंग सुजते, फोड येतात, कातडी सोलवटते, तोच हा बिब्बा. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलातले तेल ज्या जातीची जळजळ करतात, त्याच जातीची द्रव्ये बिब्ब्यात असतात. ही तिन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. आयुर्वेदात बिब्बा शुद्ध करून, मोजून, माणूस पाहून वापरतात. या बाटलीत तो किती आहे आणि शुद्ध केलेला आहे का, याचा पत्ता नाही, आणि आपण लिहिता त्याप्रमाणे लेबलावर उत्पादन परवान्याचा क्रमांकही नाही. आयुर्वेदिक औषधांनाही आपल्या देशात १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि प्रत्येक घटकाचे प्रमाण नसलेली बाटली ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर विसंबून उघड्या जखमेवर ओतणे मला कदापि मान्य होणार नाही. धडधाकट माणसाला बिब्ब्याने आग झाली तर तो तेल लगेच पुसून टाकेल. सासूबाईंच्या पायाला ती आग जाणवणारच नाही. ठेचलेली लसूण बांधणे, रुईचा चीक लावणे, गरम विटेने किंवा गरम पाण्याने शेकणे हे उपाय बधिर पायाला याच कारणाने धोक्याचे आहेत. मधुमेही पायांना कोमट समजून घेतलेल्या पाण्याने फोड आल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. पाणी कोपराने किंवा घरातील दुसऱ्या कोणी तपासून घ्यावे, आणि सध्या तर पाय पाण्यात बुडवूच नये.

मग मधुमेहाच्या जखमेवर वनस्पतीचा अर्क कधीच उपयोगी पडत नाही का? पडतो, आणि त्याचे एक फार चांगले उदाहरण बहुधा आपल्या अंगणातल्या कुंडीतच असेल. ज्याच्या जाड, लवदार पानांची भजी करतात तो पानओवा आणि पाणथळ जागी पसरणारा कारिवणा, जो आपल्याकडच्या रोपवाटिकांत ‘ब्राह्मी’ म्हणूनही विकला जातो, या दोन वनस्पतींच्या अर्कांपासून तैवानमध्ये मधुमेही पायाच्या क्षतांसाठी एक मलम तयार झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत २३६ रुग्ण होते. १६ आठवड्यांत मलम लावलेल्यांपैकी ६०.७ टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या, तर शोषक ड्रेसिंग वापरलेल्यांपैकी ३५.१ टक्के रुग्णांच्या. तैवानमध्ये त्या मलमाला मान्यताही मिळाली. कारिवण्यातील एशियाटिकोसाइड हे द्रव्य कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारे प्रथिन, तयार होण्यास चालना देते, हे पूर्वीपासून माहीत आहे. मादागास्करमध्ये फ्रेंच संशोधकांनी गेल्या शतकाच्या चाळिशीतच त्यावर काम केले होते.

हे आकडे वाचून कुंडीतली पाने खुडण्यापूर्वी त्यामागचे बाकीचे काम लक्षात घ्यावे. या रुग्णांच्या जखमांतील मृत भाग आधी काढलेला होता, त्यांच्या पायांचा रक्तपुरवठा तपासलेला होता, जखमेवर भार येऊ नये याची सोय केलेली होती. म्हणजे उत्तम शुश्रूषेवर मलमाची भर घातली गेली, शुश्रूषेऐवजी मलम दिले गेले नाही. त्या मलमात पानांचा लगदाही नाही. दोन्ही वनस्पतींतील ठरावीक अंश वेगळे काढून, मोजून घातलेले आहेत. आणि एवढे करूनही १०० पैकी सुमारे ४० जणांच्या जखमा त्या मुदतीत पूर्ण भरल्या नाहीत. युरोपात २०२२ साली अशाच रीतीने भूर्जाच्या सालीचा अर्क असलेल्या एका मलमाला, जराशा घर्षणाने कातडी सोलवटणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी, मान्यता मिळाली. त्यात भूर्जाच्या सालीतील द्रव्ये १० टक्के आणि बाकीचे शुद्ध सूर्यफूल तेल असते. वनस्पतीपासून औषध होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझे आयुष्य त्याच अभ्यासात गेले आहे. मात्र त्यासाठी झाड अचूक ओळखावे लागते, त्याचा कोणता भाग कोणत्या ऋतूत घ्यायचा ते ठरवावे लागते, आणि द्रव्य पाण्यात, तेलात की अल्कोहोलमध्ये उतरते ते पाहावे लागते. एकाच मुळाचा काढा आणि तेल, ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन निरनिराळी औषधे असू शकतात. म्हणूनच उघड्या जखमेसाठी घरच्या घरी अर्क कसा काढावा, याची कृती मी आपल्याला देणार नाही. घरी काढलेला अर्क निर्जंतुक राहत नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवल्याने तो निर्जंतुक होत नाही.

रुग्णालयात काय होईल, हे आधी माहीत असले तर सासूबाईंची भीती थोडी कमी होईल. बारीक नायलॉनचा धागा तळपायावर ठिकठिकाणी टेकवून संवेदना तपासतील, घोट्याजवळच्या नाड्या पाहतील, गरज पडल्यास रक्तप्रवाहाची तपासणी आणि अंगठ्याचा एक्स-रे सांगतील. घट्टा आणि मृत भाग खरवडून काढतील; बधिरतेमुळे त्यांना ते फारसे दुखणार नाही, मात्र त्यानंतर जखम आधीपेक्षा मोठी दिसते, त्याने घाबरू नये. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण स्वतःहून विचारावा : ‘या जागेवरचा भार कसा काढायचा?’ त्यासाठी विशिष्ट प्लास्टर किंवा बूट देतात आणि जखम भरल्यावर मऊ, सूक्ष्मछिद्री रबराच्या तळाची (एमसीआर) चप्पल वापरायला सांगतात. आतापर्यंत काय काय लावले, तेही न लाजता सांगावे. कोणी रागावले तरी ते ऐकून घ्यावे, पण माहिती लपवू नये. तेथे जाईपर्यंत उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाईनने जखम हलकेच धुऊन, टिपून, तिच्यावर निर्जंतुक गॉज ठेवावा, पट्टी सैल बांधावी आणि त्यांना शक्य तितके कमी चालू द्यावे. घरातही अनवाणी नको. ती खिळ्याची चप्पल टाकून द्यावी.

मुलीच्या डागाचा प्रश्न यापेक्षा खूपच हलका आहे. कोरफडीच्या गराबाबत भाजलेल्या जखमांवर बऱ्यापैकी पुरावा आहे. २००७ साली एकूण ३७१ रुग्णांच्या ४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा वरवर भाजलेल्या जखमा कोरफडीने सुमारे ९ दिवस लवकर भरल्याचे दिसले. याच कोरफडीचा जेल शस्त्रक्रियेनंतर उसवलेल्या पोटाच्या जखमांवर वापरला, तेव्हा उलटा अनुभव आला : १९९१ सालच्या एका अभ्यासात नेहमीच्या उपचारांनी सरासरी ५३ दिवसांत भरणाऱ्या जखमांना जेल लावल्यावर ८३ दिवस लागले. झाड तेच होते, जखम निराळी होती. भाजल्यानंतरच्या डागावर मात्र कोरफडीची मोठी मात्रा चालते असे मला दिसलेले नाही. ती कातडी मऊ ठेवील, खाज कमी करील, इतकेच. लावायचीच असेल तर पान कापून काही वेळ उभे धरावे आणि हिरव्या सालीलगतचा पिवळा, कडू चीक निथळू द्यावा. हाच चीक आटवून काळा बोळ करतात आणि त्याने कातडीला दाह होऊ शकतो. नंतर गर धुऊन घ्यावा आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दोन दिवस वाट पाहावी. डागाचा खरा शत्रू ऊन आहे. शाळेत जाताना लांब बाह्यांचे कपडे किंवा सनस्क्रीन नियमाने वापरले, तर असे डाग काही महिन्यांत, कधी वर्षभरात, फिके होतात. लिंबू चोळायला कोणी सांगितले तर ऐकू नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास फोड येतात आणि डाग आणखी गडद होतो. कातडी उंच, कडक होत चालली असेल किंवा मनगट वाकवताना ओढ बसत असेल, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पुढे कधी कोणाला भाजले, तर पहिली २० मिनिटे ती जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावी. तूप, टूथपेस्ट, बर्फ यांतले काहीही नको.

घरातल्या निरोगी माणसांच्या किरकोळ खरचटण्याला, उन्हाने तापलेल्या त्वचेला, मुका मार लागल्यावर न फुटलेल्या कातडीवरच्या आंबेहळदीच्या लेपाला माझी हरकत नाही. माझ्याही घरी कोरफड आणि आंबेहळद असते. चेहऱ्यावर लावलेले डाळीचे पीठ आणि हळद यांनीही सहसा नुकसान होत नाही, एखाद्याला पुरळ उठले तर ते थांबवावे. कडुलिंबाचे तेल मात्र लहान मुलांच्या पोटात कधीही जाऊ देऊ नये. त्याने बाळांना फिट येऊन मेंदूला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

सासूबाईंना डॉक्टरांकडे जायला राजी करणे हे आपल्यापुढचे सर्वांत अवघड काम असेल, असे मला वाटते. ‘तुमची हळद चुकीची आहे’ असे त्यांना म्हणू नये. आयुष्यभर ज्या वस्तूने घरातली लेकरे सांभाळली ती खोटी ठरवली, तर त्या पायापेक्षा हळदीचीच बाजू घेतील. त्यांना पायाचा तळवा आरशात दाखवावा. वाकून तळवा पाहणे या वयात जमत नाही आणि त्यांनी ती जखम स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिलेली नसण्याचा पुष्कळ संभव आहे. शेजारच्या आजींनाही सोबत घ्यावे. पाला त्यांनी सांगितला आहे, तर दवाखानाही त्यांच्याच तोंडून आला म्हणजे मानापमानाचा प्रश्न राहणार नाही.

पहिल्या ड्रेसिंगच्या दिवशी जखमेची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजून घ्यावी, तारीख घालून वहीत लिहावी, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा आणि दर आठवड्याला हेच करावे. चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ साधारण निम्म्यावर आले, तर ती भरण्याच्या मार्गावर आहे असे समजतात. तसे झाले नाही, तर ती वही डॉक्टरांसमोर ठेवून उपचार बदलायचे का, असे स्पष्ट विचारावे, आणि मलाही ते आकडे अवश्य कळवावेत.